मंगळवारी सकाळी किती?

टिळेकर काकांना विमानाची भीती वाटायची. माणूस जन्मभर विमानांतच वावरलेला, आधी नाशिकजवळच्या हवाई दलाच्या दुरुस्ती तळावर आणि मग इंग्लंडात प्रवासी विमानांच्या हँगरमध्ये, त्यामुळे ही भीती अडाणी म्हणून हसण्यावारी नेता येत नव्हती. "आत काय काय असतं ते मला ठाऊक आहे ना," एवढंच ते म्हणायचे. भारतात जायचं ठरलं की महिनाभर आधीपासून त्यांचं पोट बिघडायचं. त्यांच्या पत्नी शोभाकाकू त्यांना खिडकीजवळ बसू देत नसत, कारण पंखाची फळी जराशी हलली की काका शेजारच्या परक्या माणसाला ती का हलते ते समजावून सांगू लागत, आणि मग तो माणूसही घाबरत असे.

अशा माणसाच्या हाती एका देशाची लढाऊ विमानं निवडायचं काम आलं होतं, आणि त्या कामात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

आमचं ऑफिस बर्मिंगहॅमला कालव्याकाठच्या एका जुन्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. माणसं सहा. ज्या देशांकडे स्वतःचे तज्ज्ञ पुरेसे नसतात त्यांना मोठी यंत्रं निवडायला मदत करणं हा आमचा धंदा. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेली, आकड्यांचे तक्ते बनवणारी. त्या देशाचं नाव मी इथे सांगणार नाही, तसं लिहून दिलेलं आहे. माणसं आपल्या नाशकात असतील त्याहून कमी, आणि शेजारी मात्र मोठा. पहिल्याच आठवड्यात मी काकांना विचारलं होतं, की एवढ्याशा देशाला लढाऊ विमानं हवीत कशाला.

"तुझ्या फ्लॅटच्या दाराला आतून कडी आहे ना?" काका म्हणाले.

"आहे."

"कुणी दांडगा आला तर ती तुटेलच. पण कडी आहे म्हणून तू झोपतेस."

मग चष्मा पुसत ते म्हणाले, "मोठ्या देशाचं चुकलं तर तो दुसरं विमान घेतो. हा देश एकदाच घेणार. चाळीस वर्षं तेच वापरणार. म्हणून मला झोप येत नाही."

त्यांना खरंच झोप येत नसे. सकाळी डोळे लाल घेऊनच ते यायचे. उंची बेताची, अंगात बारा महिने एकच खाकी जाकीट, खिशात चौकोनी कागदांची छोटी वही आणि शिसपेन्सिल. शाईवर त्यांचा विश्वास नव्हता. लिफ्टवरही नव्हता. लिफ्टच्या आतल्या तपासणीच्या चिठ्ठीवरची तारीख वाचून ते बाहेर यायचे आणि जिन्याने जायचे. गॅसच्या बॉयलरची तपासणी वर्षाला एकदा करतात, हे दोनदा करून घेत. त्यांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी माझा पट्टा स्वतः ओढून बघितला, आणि मला राग आला होता हे मी कबूल करते. पुढे सवय झाली. पुढे तर त्यांनी पट्टा ओढला नाही की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

त्यांचा एक प्रश्न होता, आणि तो ते सगळ्यांना विचारत: "मंगळवारी सकाळी किती?"

त्यामागची गोष्ट अशी. हवाई दलात दर सोमवारी साहेब पाहणीला यायचे. त्यामुळे शनिवार-रविवार सगळे मिळून विमानं धुऊन पुसून, एकाचा भाग दुसऱ्याला लावून, रांगेत उभी करायचे. सोमवारी बघावं तर सगळी विमानं तयार. साहेब खूश होऊन जायचे. मंगळवारी ज्याचे भाग त्याला परत लावायचे, आणि मग खरी किती उडतात ते कळायचं. "सोमवारचा आकडा साहेबांचा," काका म्हणायचे, "मंगळवारचा आपला."

दोन कंपन्या स्पर्धेत उरल्या होत्या. आमच्या तक्त्यात त्यांची खरी नावं लिहायची नव्हती, नावाला बघून गुण दिले जाऊ नयेत म्हणून. एक विमान निळं, दुसरं हिरवं. निळ्याची माणसं सादरीकरणाला आली ती चकचकीत फिल्म घेऊन. विमान ढगांतून उलटंपालटं होत होतं, मागे ढोल वाजत होते. फिल्म संपल्यावर आमचे मालक ग्रॅहम यांनी सभ्यपणे मान डोलावली आणि काही प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. काकांनी हात वर केला.

"यू सेल देम ट्वेल्व्ह. ट्यूजडे मॉर्निंग, हाऊ मेनी?"

विक्रेता हसला. त्याला वाटलं हा काहीतरी विनोद आहे. त्याने विमानाचा वेग सांगितला, मग रडारबद्दल सांगितलं, मग इतर कुठल्या कुठल्या देशांनी ते घेतलंय ते सांगितलं. काका पेन्सिल वहीवर टेकवून तसेच बसून राहिले. शेवटी त्या माणसाने टाय सैल केला आणि आकडा पाठवतो म्हणून सांगितलं. हिरव्याची माणसं पुढच्या आठवड्यात आली, तेव्हाही हेच झालं.

घरी-दारी सगळीकडे त्यांचं हे चालायचं. आमच्या भागातल्या मराठी लोकांचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. एका वर्षी मंगळवारी सकाळी शाळा सुरू होण्याआधी हॉल साफ करून द्यायचा होता. व्हॉट्सॲपवर बेचाळीस लोकांनी अंगठे वर केले. काकांनी घरून हातमोजे आणले ते नऊ जोड. त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा झाली. मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही आठ जण होतो, त्यातले दोन स्वतः काका-काकू. उरलेला एक जोड काकांनी घडी करून खिशात ठेवला. चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नव्हता. आपला अंदाज एकाने चुकला याचंच त्यांना लागून राहिलं होतं.

विमानाची निवड कशी होते याची मला आधी काहीच कल्पना नव्हती. मला वाटायचं, पायलट उडवून बघत असतील आणि आवडलं ते घेत असतील. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा समारंभ एका लिफाफ्याचा होता. कशाला किती महत्त्व द्यायचं, म्हणजे वेगाला किती, देखभालीला किती, हत्यारांना किती, हे कंपन्यांचे प्रस्ताव उघडायच्या आधी ठरवायचं, कागदावर सह्या करायच्या, लिफाफा लाखेने बंद करायचा आणि कपाटात ठेवायचा. एकदा बंद झाला की त्यातलं काही बदलायचं नाही. काका या लिफाफ्याला फार जपत. "गुण बघितल्यावर प्रत्येकाला आपल्या लाडक्याचं महत्त्व वाढवावंसं वाटतं," असं त्यांचं म्हणणं. "मलाही वाटेल. म्हणून आधी हात बांधून घ्यायचे."

त्या लिफाफ्यात एक अट होती. त्या देशाला दोन विमानं कायम तयार हवी होती, भोंगा वाजला की पंधरा मिनिटांत आकाशात जाणारी. त्यांच्या बदलीला दोन आणि हाताशी एक. म्हणजे कुठल्याही साध्या दिवशी निदान पाच विमानं उडण्याजोगी असायलाच हवीत. पाचाच्या खाली जे जाईल ते विमान बाद.

नोव्हेंबरात काकांना त्या देशात जावं लागलं. विमानाने. मी आणि ग्रॅहमही होतो. काकांनी सगळा प्रवास डोळे मिटून आणि कान उघडे ठेवून केला. तिथे आम्हाला घ्यायला एक मेजर आल्या, इंगा त्यांचं नाव, या खरेदीची सगळी जबाबदारी त्यांच्या अंगावर होती. त्यांना वाटलं होतं आम्ही धावपट्टी आणि जुनी विमानं बघू. काकांनी हँगरचं दार किती वेळात उघडतं ते घड्याळ लावून बघितलं. अवजारांचं कपाट उघडून बघितलं. मेकॅनिकांना भेटले, आणि त्यांना विचारलं की मुलांच्या शाळा किती वाजता सुटतात, आजारी पडलं तर बदली कोण येतं, थंडीत हातमोजे घालून हा नट फिरवता येतो का. एका मेकॅनिकने त्यांना करून दाखवलं. नट हातातून पडला. काकांनी तो उचलून दिला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग मेजरबाईंच्या खोलीत त्यांनी चहाच्या पिशव्या मागितल्या. मेजरबाईंना वाटलं त्यांना चहा हवाय. काकांनी टेबलावर बारा पिशव्या ओळीने मांडल्या. आकड्यांचा तक्ता सगळ्यांना वाचता येत नाही, चहाच्या पिशव्या सगळ्यांना मोजता येतात, असा त्यांचा अनुभव होता.

"ही तुमची बारा. यातली दोन विमानं पायलटांना शिकवायला कंपनीच्या देशात राहणार." दोन पिशव्या बाजूला. "दोन पूर्ण उघडून मोठ्या दुरुस्तीला." आणखी दोन. "दोन रोजच्या कुरबुरींना." आणखी दोन. "राहिली सहा. मंगळवारी सकाळी."

मेजरबाईंनी त्या सहा पिशव्या बोटाने पुन्हा मोजल्या. मग म्हणाल्या, "आम्ही चुकलो तर ते कळेपर्यंत मी निवृत्त झालेली असेन. पण जे पायलट यात बसणार आहेत ते आत्ता शाळेत आहेत. माझी मुलगी त्यांच्या वर्गात आहे."

परतताना विमानात काकांनी डोळे मिटले नाहीत. समोरच्या सीटकडे बघत बसले होते.

अहवाल पूर्ण व्हायला पुढे वर्ष गेलं. एका शुक्रवारी दुपारी तो रवाना झाला. निळ्याची मंगळवारची विमानं सहा, हिरव्याची चार. हिरवं अटीखाली गेलं, म्हणून बाद. शिफारस निळ्याची. पुढच्या गुरुवारी त्या देशाचं मंत्रिमंडळ बसून निर्णय घेणार होतं. ग्रॅहमनी केक आणला. काकांनी केक खाल्ला आणि लिफ्टमधली तपासणीची तारीख वाचून जिन्याने घरी गेले.

सोमवारी मी ऑफिसच्या छोट्या किचनमध्ये किटली लावत होते. काका आले. जाकीट काढलं नाही. दार लोटून घेतलं.

"केतकी, ग्रॅहमच्या आधी तुला सांगतोय. माझी चूक झालीये."

मी हसले, कारण दर सोमवारी त्यांची अशी एखादी चूक झालेली असे आणि ती कधीच झालेली नसे. ते हसले नाहीत. त्यांनी कपाटातून पुडा काढला आणि ओट्यावर पिशव्या मांडल्या. या वेळी दहाच.

झालं होतं ते असं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर काका घरच्या टेबलावर पुन्हा मोजत बसले होते. अहवाल जाऊन दोन दिवस झाले होते, पण त्यांचं मोजणं थांबत नव्हतं. विमानांबद्दल घरी अवाक्षर बोलायचं नाही हा नियम ते पाळत, त्यामुळे शोभाकाकूंना एवढंच माहीत की कसल्या तरी बारा गोष्टी आहेत आणि त्यातल्या काही नेहमी गैरहजर असतात. पण काकू इथल्या हॉस्पिटलात बावीस वर्षं वॉर्ड सिस्टर होत्या. ड्युट्यांचे तक्ते लावण्यात त्यांची हयात गेलेली. त्या कांदे सोलत बघत होत्या. काकांनी पुड्यातून दहा पिशव्या काढल्या आणि त्यातल्या दोन बाजूला केल्या.

"हे दोन कुठे गेले?" काकूंनी विचारलं.

"ट्रेनिंगला."

"मग पुड्यात मागे ठेवलेत ते दोन कुठे गेलेत?"

"ते..." काका म्हणाले, आणि तिथेच थांबले.

"अहो, जे रजेवर म्हणून यादीतच घेतले नाहीत, त्यांना पुन्हा रजेवर कसं धाडता? असं केलं तर माझा वॉर्ड कधी चाललाच नसता."

निळ्याच्या कंपनीने बारा विमानं सांगितली होती, काकांनी त्यातून शिक्षणाची दोन वजा केली, बरोबर. हिरव्याच्या कंपनीने मात्र ती दोन आधीच वजा करून "देशात दहा" असं लिहिलं होतं. प्रामाणिकपणे लिहिलं होतं. काकांनी दहातून पुन्हा दोन वजा केली, कारण तीस वर्षं त्यांनी विकणाऱ्याच्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा केले होते आणि तीस वर्षं ते बरोबर ठरलं होतं. विकणारा कधी आपणहून कमी सांगेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. हिरव्याचीही सहाच होती. हिरवं बाद नव्हतं. आणि ते थोड्या मेकॅनिकांत सांभाळता येत होतं, म्हणून एकूण गुणांत ते निळ्याच्या जरासं पुढे जात होतं.

मी टेबलावर जाऊन तक्ता उघडला. वीस मिनिटांत तपासून झालं. काका बरोबर होते, म्हणजे चुकले होते. खरं सांगायचं तर त्या वीस मिनिटांत मी त्या देशाचा विचार केला नाही, त्या शाळेतल्या मुलांचाही केला नाही. ऑफिस बंद पडलं तर नवी नोकरी शोधायला माझ्या व्हिसावर साठ दिवस राहतात, हा हिशोब माझ्या डोक्यात चालू होता. तक्ता मी बनवला होता. ते दहा माझ्याही डोळ्यांखालून गेले होते.

"तुझ्या व्हिसाचं मला माहीत आहे," काका म्हणाले. "म्हणून तुला आधी सांगितलं. तू नको म्हणालीस तरी मी सांगणारच आहे. पण तुझ्या पाठीमागे नको."

मी नको म्हणाले नाही. हो सुद्धा म्हणाले नाही. याची मला आजही लाज वाटते.

ग्रॅहम वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीपाशी जाऊन कालव्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले की एक स्पष्टीकरणाची टीप पाठवू, नव्वदाव्या पानावर जोडू. आकडा दुरुस्त केला असं होईल, आणि आपली अब्रूही राहील. कुणी खोटं बोललं असं होणार नाही.

"नव्वदाव्या पानापर्यंत मिनिस्टर पोचत नाहीत, ग्रॅहम," काका म्हणाले. "पहिल्या पानावर पाहिजे."

"मुकुंद, यानंतर आपल्याला कोण काम देईल?" ग्रॅहम काकांना म्हणाले.

"ते मला माहीत नाही," काका म्हणाले. "मला खूप भीती वाटतेय. पण मी ही विमानं उडवणार नाहीये. त्या वर्गातली पोरं उडवणार आहेत."

ग्रॅहमनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि लिहा म्हणाले. पत्र एक पान झालं. काकांनी आधी पेन्सिलीने लिहिलं, मी टाईप केलं. इंग्रजी तपास म्हणाले, पण मी काहीच बदललं नाही. त्यात एक वाक्य असं होतं: ही दोन विमानं मी तुमचे कागद वाचून वजा केली नाहीत, माझ्या सवयीने वजा केली. खाली सही करायच्या वेळी त्यांनी माझ्याकडे शाईचं पेन मागितलं. मी त्यांना पेनने लिहिताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर इंगांचा फोन आला. तो मंगळवार होता, हे काकांच्या लक्षात आलं असणारच. ग्रॅहमनी फोन स्पीकरवर टाकला.

"मिस्टर टिळेकर," त्या म्हणाल्या, "तुमच्या या अहवालात अशा आणखी किती सवयी आहेत?"

काकांनी डोळे मिटले. "मला माहीत असलेल्या सगळ्या मी काल पुन्हा बघितल्या. ज्या मला माहीत नाहीत त्यांचं मी काय सांगणार, मेजर?"

त्या "थँक यू" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या थँक यूचा अर्थ काय, यावर आम्ही तिघं दिवसभर बोलत होतो. कुणालाच कळला नाही.

गुरुवारची बैठक पुढे ढकलली. दुसऱ्या कुणाकडून तरी सगळे आकडे पुन्हा तपासून घेण्यात आले. तो महिना संपता संपेना. काका रोज यायचे, काम नसतानाही यायचे. दर तासाला ईमेल बघायला सांगायचे. जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकदा मी त्यांना जिन्यात मध्येच बसलेलं पाहिलं. काही नाही, दम लागला, म्हणाले. महिन्याने बातमी आली, पेपरात दोन ओळी. त्या देशाने हिरवं घेतलं होतं.

मला वाटलं आता काकांना झोप लागेल. उलटच झालं.

"अगं, निळं घेतलं असतं तर त्यांनी माझी चूक विकत घेतली असती," ते म्हणाले. "आता हिरवं घेतलं. माझ्या पत्रावरून घेतलं. उद्या ते उडेना झालं, तर?"

ग्रॅहमनी कुणाला काढलं नाही. पण नवीन काम आलं नाही, आणि सात-आठ महिन्यांनी कालव्याकाठचं ऑफिस बंद झालं. माझ्या साठ दिवसांतल्या एक्कावन्नाव्या दिवशी मला लीड्सला एका हॉस्पिटलात आकड्यांचंच काम मिळालं. माझ्या त्या एक्कावन्न दिवसांत काकांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. धीर वगैरे देत नसत. किती अर्ज केले, त्यातले खरे किती, एवढंच विचारत.

त्यानंतर चार वर्षांनी त्यांचा असाच फोन आला. "मंगळवारी सुट्टी काढशील का?"

हिरवी पहिली चार विमानं समुद्र ओलांडून त्या देशाकडे निघाली होती आणि वाटेत इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका तळावर मुक्कामाला उतरणार होती. विमानं बघायचा छंद असलेल्या लोकांच्या वेबसाईटवर काकांनी वाचलं होतं. मी लीड्सहून ट्रेनने आणि मग बसने पोचले. काका आधीच आले होते. सपाट शेतं, बोचरा वारा, तारेचं उंच कुंपण, आणि कुंपणाकडेने छोट्या शिड्यांवर चढून बसलेले दहा-बारा इंग्रज म्हातारे, गळ्यात कॅमेरे अडकवलेले. काका फार वाळले होते. जाकीट तेच, पण आत माणूस कमी राहिला होता. आल्या आल्या त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावून घ्यायला सांगितलं.

दोनच्या सुमाराला आवाज आला. पहिलं उतरलं, मग दुसरं, मग तिसरं. इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल बोललो ती विमानं मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते, आणि खरं सांगते, मला रडू आलं. काका रडले बिडले नाहीत. वहीत तीन रेघा ओढून ते आकाशाकडे बघत होते.

"चौथं?" त्यांनी शेजारच्या शिडीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याच्याकडे रेडिओ होता.

"काही ऐकू येत नाहीये, मेट," तो म्हणाला.

अडीच वाजले. तीन वाजले. शिड्या मिटू लागल्या. रेडिओवाला म्हाताराही गाडीत सामान भरून गेला. मी काकांना फ्लास्कमधला चहा ओतून दिला, तो त्यांनी कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि विसरले. मी म्हटलं, मागच्या थांब्यावरच ठेवलं असेल, उद्या येईल. ते म्हणाले, असेल. मी म्हटलं, चारांत तीन म्हणजे चांगलंच की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी फ्लास्कचं झाकण घट्ट लावत बसले.

चार दहाची बस मला घ्यायलाच हवी होती, त्यानंतर स्टेशनला जाणारी बस नव्हती. चला म्हटलं, काका, अंधार पडेल.

"तू जा. शोभा गाडी घेऊन येणार आहे पाचला. मी थांबतो."

चौथं विमान साडेचारला उतरलं. आधीच्या थांब्यावर कसला तरी धोक्याचा दिवा लागला म्हणून ते मागे राहिलं होतं, बल्बच खराब निघाला, एवढंच. हे मला शोभाकाकूंनी सांगितलं, ते सुद्धा फेब्रुवारीत, काकांचं दिवसकार्य आटोपल्यावर, फोनवर. चौथी रेघ ओढल्यावर पुढच्या मंगळवारचं काय, असं ते गाडीत म्हणाले होते म्हणे.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते बसच्या मागच्या काचेतून, चार वाजून बारा मिनिटांनी. रस्त्याकडे पाठ, दोन्ही हात कुंपणाच्या तारेत, मान वर. शेजारी खांबावर गार झालेला चहा. चौथं विमान येणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. बस वळेपर्यंत ते हलले नाहीत.